प्लाझ्मा कटर घेण्याआधी : अँपिअर, हवा, वीज आणि मीटरमागचा खर्च



फॅब्रिकेशनचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, प्लाझ्मा कटर घ्यायचाय, ४० चा घेऊ की १०० चा?" विचारणारा बहुतेक वेळा दुकानात जाऊन आलेला असतो, कोटेशन खिशात असतं, आणि बँकेत फाईल टाकायची तयारी झालेली असते. व्हिडिओत आपण मशीन चालवून पाहिलं. पण पैसे अडकतात ते व्हिडिओत दिसत नाहीत अशा ठिकाणी. म्हणून या पाठात आकडे घेऊन बसू. कॅल्क्युलेटर जवळ ठेवा.

माझं म्हणणं आधीच सांगतो. दुकानदार तुम्हाला एक पेटी विकतो, पण तुम्ही विकत घेत असता पाच गोष्टी: पेटी, कॉम्प्रेसर, हवा कोरडी करायची सोय, वायरिंग आणि दर आठवड्याला लागणाऱ्या टिपा. पेटीची किंमत एकदाच जाते. बाकीच्या चार गोष्टी नीट नसतील तर महागातली पेटीसुद्धा कोपऱ्यात पडून राहते आणि हप्ता मात्र चालू राहतो.

हे मशीन नेमकं काय करतं

टॉर्चच्या आत एक इलेक्ट्रोड असतो आणि त्याच्यासमोर बारीक भोकाची तांब्याची टिप. मधून दाबाची हवा जाते. आर्क पेटला की ती हवा इतकी तापते की तिच्यातून वीज वाहायला लागते. तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातं. ही झोत धातू वितळवते आणि मागून येणारी हवा वितळलेला धातू खाली उडवून लावते. बस्स, एवढंच.

गॅस कटिंगपेक्षा हे मुळात वेगळं आहे. ऑक्सिजन-एलपीजीच्या कटिंगमध्ये लोखंड आधी लाल करायचं आणि मग ऑक्सिजनने ते अक्षरशः जाळायचं असतं. म्हणून गॅसने एमएस कापतं, पण स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम कापत नाही. त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर जळू देत नाही. प्लाझ्माला जाळायचं नसतं, वितळवायचं असतं. ज्यातून वीज जाते ते सगळं त्याला चालतं: एमएस, एसएस, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ. आधी तापवायला थांबावं लागत नाही, आणि पातळ पत्रा गॅसने जसा वाकडातिकडा होतो तसा होत नाही.

पण गॅस म्हातारा झाला असं समजू नका. २५ मिमीच्या वरची एमएस प्लेट अधूनमधून कापायची असेल तर गॅस आजही स्वस्त आणि सोपा आहे. वीज नसलेल्या साइटवर तर त्याला पर्यायच नाही. प्लाझ्मा आणला म्हणून सिलिंडर विकून टाकू नका.

दुसऱ्या बाजूला लेझर आहे. भोसरी, शिरोली, अंबड, वाळूज अशा कुठल्याही मोठ्या एमआयडीसीच्या जवळ तुम्ही असाल, तर लेझरवर जॉबवर्क करून देणारे सापडतात. २-३ मिमीच्या पत्र्यावर नक्षीची जाळी, नावाच्या पाट्या, अचूक भोकं हे लेझरचं काम आहे. तिथे प्लाझ्मा घेऊन स्पर्धेला उतरू नका. कडा लेझरसारखी येत नाही आणि दर तर त्यांच्यापेक्षा खाली द्यावा लागेल.

मग प्लाझ्माची जागा कुठली? ६ ते २० मिमीची प्लेट, गंजलेलं आणि रंग लागलेलं मटेरियल, ट्रॉलीची दुरुस्ती, जुन्या शेडचं चॅनेल जागेवर कापणं, बेस प्लेट, गसेट, रोटावेटरचे ब्रॅकेट, डेअरीच्या एसएस टाकीची डागडुजी. जे लेझरच्या टेबलावर नेता येत नाही आणि ग्राइंडरने कापायला अर्धा दिवस लागतो, ते सगळं. तालुक्याच्या गावातल्या वर्कशॉपमध्ये याच कामांची रांग असते.

४० म्हणजे काय, १०० म्हणजे काय

मशीनवर कट-४०, कट-६०, कट-१०० असं लिहिलेलं असतं. हा आकडा करंटचा आहे, मिलिमीटरचा नाही. दुकानात "४० वालं २० एमएम कापतं" असं कोणी म्हणालं तर विचारा, कसं कापतं?

कारण जाडीचे तीन वेगवेगळे आकडे असतात. एक, चांगल्या वेगात स्वच्छ कड देणारी जाडी. दोन, कसंबसं दोन तुकडे होतात ती जाडी. तिथे वेग गोगलगायीचा आणि खाली स्लॅगचा डोंगर. तीन, प्लेटच्या मधोमध भोक पाडून कट सुरू करता येतो ती जाडी, आणि ही कडेवरून सुरू करण्याच्या जाडीपेक्षा बरीच कमी असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरात बहुतेक वेळा दुसरा आकडा असतो. तुमचा धंदा पहिल्या आकड्यावर चालतो. बाजारातल्या साध्या ४० अँपिअरच्या मशीनकडून ८-१० मिमीपर्यंत रोजच्या कामाची अपेक्षा ठेवा, त्याच्या पुढे नाही.

निवडायची पद्धत सोपी आहे. गेल्या दोन महिन्यांची बिलं काढा आणि कुठल्या जाडीची किती प्लेट आणली ते लिहा. समजा, दहातली आठ कामं ६ ते १० मिमीची आहेत, एक १६ ची आणि एक २५ ची. मग मशीन १० मिमी आरामात कापणारं घ्या, १६ जपून कापा आणि २५ गॅसवर. वर्षातून चार वेळा येणाऱ्या २५ मिमीच्या कामासाठी १०० अँपिअरचं मशीन घेणं म्हणजे वर्षातून एकदा गावाला जायला बस विकत घेणं.

आता ड्युटी सायकल. नेमप्लेटवर '६० अँपिअर, ६०%' असं असेल तर अर्थ असा की १० मिनिटांत ६ मिनिटं पूर्ण करंटवर कापा आणि ४ मिनिटं मशीन थंड होऊ द्या. न थांबता चालवायचं तर करंट खाली आणावा लागेल, या उदाहरणात साधारण ४६ अँपिअरवर. हा आकडा ४० अंश तापमान धरून काढतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किती असतं ते तुम्हीच सांगा! म्हणून नेमप्लेटवर ६०% पेक्षा कमी असेल, किंवा तापमानाचा उल्लेखच नसेल, तर मी तरी धंद्यासाठी ते मशीन घेणार नाही. घरी छंद म्हणून वापरायचं असेल तर वेगळी गोष्ट.

एक गोष्ट मात्र आग्रहाने विचारा: पायलट आर्क आहे का? पायलट आर्क असला की टॉर्च धातूला न टेकवता पेटतो. गंजलेला, रंगवलेला पत्रा आणि जाळीसारखं भोकाभोकाचं मटेरियल कापताना हा फरक लगेच कळतो. स्वस्तातल्या काही मशीनमध्ये तो नसतो, मग रंग घासल्याशिवाय कट सुरूच होत नाही आणि टिप घासून घासून खराब होते.

विजेचा हिशेब

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण इथेच लोक अडकतात.

प्लाझ्माचं आउटपुट व्होल्टेज वेल्डिंगपेक्षा बरंच जास्त असतं. ४० अँपिअरला साधारण ९६ व्होल्ट धरतात, ६० ला १०४, १०० ला १२०. गुणाकार करा. ४० अँपिअरचं मशीन सुमारे ३.८ किलोवॅट आउटपुट देतं. मशीनमधला तोटा धरून साडेचार किलोवॅट आत जातात. सिंगल फेजवर पॉवर फॅक्टर धरला तर २५ ते ३० अँपिअर खेचले जातात. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालणार नाही. थोडा वेळ चालल्यासारखं वाटेल, मग सॉकेट काळं पडेल. स्वतंत्र लाइन, योग्य जाडीची वायर, एमसीबी आणि पक्कं अर्थिंग हवं.

६० अँपिअरला आउटपुट ६.२ किलोवॅट, म्हणजे सव्वासात किलोवॅट इनपुट. त्यात ३ एचपी कॉम्प्रेसरचे सव्वादोन मिळवा. दोन्ही एकाच वेळी चालतात हे विसरू नका. झाले साडेनऊ. शेजारी वेल्डिंग मशीन, ड्रिल आणि दोन ग्राइंडर. १०० अँपिअरला नुसतं मशीनच १४ किलोवॅट आणि ५ एचपीचा कॉम्प्रेसर पावणेचार. सगळी बेरीज करून तुमच्या बिलावरच्या मंजूर भाराशी ताडून पहा. महावितरणच्या लघुदाब औद्योगिक दरात २० किलोवॅट ही रेषा आहे. तिच्या वर गेलात की स्थिर आकाराचा हिशेब बदलतो आणि मशीन बंद असलं तरी दरमहा तो भरावा लागतो. शेड भाड्याची असेल तर भार वाढवायला मालकाची संमतीही लागते. हे सगळं मशीन आल्यावर सुरू करू नका.

गावाकडे व्होल्टेज पडतं. व्होल्टेज किती खाली गेलं तरी मशीन चालतं हे विचारून कोटेशनवर लिहून घ्या. जनरेटरवर चालवायचं असेल तर तेही.

हवा: खरा खर्च इथे वाचतो किंवा बुडतो

प्लाझ्मा नीट कापत नाही अशी तक्रार आली की मी मशीनकडे नंतर बघतो, आधी कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा कॉक उघडायला सांगतो. दहातल्या बऱ्याच वेळा तिथून पाणीच येतं.

६० अँपिअरच्या मशीनला साधारण १७० ते २०० लिटर प्रति मिनिट हवा लागते, तीही ५ बारच्या आसपास सतत. २०० लिटर म्हणजे ७ सीएफएम. आता गंमत बघा. पिस्टन कॉम्प्रेसरवर जो सीएफएम लिहितात तो बहुतेक वेळा पिस्टनच्या आकारमानाचा असतो. प्रत्यक्ष बाहेर येणारी हवा त्याच्या ६५ ते ७५% असते. म्हणजे ७ हवी असेल तर १० लिहिलेला घ्यावा लागतो, आणि तो साधारण ३ एचपीचा असतो. पंक्चरच्या दुकानातला १ एचपीचा कॉम्प्रेसर इथे उपयोगाचा नाही.

"पण टाकी मोठी घेतली तर?" करून बघा हिशेब. १०० लिटरची टाकी १० बारवरून ६ बारवर यायला ४०० लिटर हवा देते. मिनिटाला २०० लागते. दोन मिनिटांत खेळ खलास. टाकी धक्का सांभाळते, हवा बनवत नाही.

आता पाणी. ३० अंशाला हवेत घनमीटरमागे जास्तीत जास्त ३० ग्रॅम बाष्प मावतं. पावसाळ्यात रत्नागिरीत किंवा म्हापशात आर्द्रता ८० टक्के धरली तर २४ ग्रॅम. मिनिटाला २०० लिटर म्हणजे तासाला १२ घनमीटर हवा. म्हणजे तासाभरात कॉम्प्रेसर हवेबरोबर पाव लिटरहून जास्त पाणी आत ओढतो! हवा दाबली आणि थंड झाली की त्यातलं बहुतेक पाणी पाइपात आणि टाकीत उतरतं. हे पाणी टॉर्चमध्ये गेलं की इलेक्ट्रोडचा चुराडा, टिपेचं भोक वाकडं आणि कटाची कड खडबडीत.

उपाय महागडे नाहीत, पण क्रमाने करा. कॉम्प्रेसर आणि मशीन यांच्यात अंतर ठेवा. मधली लाइन रबरी नळीऐवजी लोखंडी किंवा तांब्याच्या पाइपची असली की हवा वाटेतच थंड होते. पाइपला थोडा उतार द्या आणि शेवटी खाली कॉक बसवा. मशीनला जोडण्याआधी वरच्या बाजूने फाटा घ्या, खालच्या नाही. मशीनच्या अगदी जवळ पाणी आणि तेल अडवणारा फिल्टर लावा. कोकण, गोवा, मुंबईच्या बाजूला पावसाळ्यात रोज काम असेल तर रेफ्रिजरेटेड ड्रायरचा खर्च धरूनच चाला. सोलापूर-लातूरकडे बरेच महिने त्याच्याशिवाय भागतं. टाकीचा कॉक रोज सकाळी उघडायचा. हे काम एका माणसाच्या नावावर लिहून ठेवा, नाहीतर कोणीच करत नाही.

दाब नेहमी हवा वाहत असताना बघा. बंद असताना काटा ६ दाखवतो, कट सुरू झाला की साडेतीनवर येतो आणि पोरगा म्हणतो, "सर, प्रेशर तर बरोबर आहे." नळी बारीक असली किंवा फिल्टर चोंदला की असं होतं.

टिप आणि इलेक्ट्रोड

हे मशीनचे बूट आहेत, झिजणारच. इलेक्ट्रोडच्या टोकाला हाफ्नियम नावाच्या धातूचा छोटा ठिपका असतो. प्रत्येक वेळी आर्क पेटतो-विझतो तेव्हा तो थोडा झिजतो. म्हणून एक मीटरचा एक कट आणि दहा-दहा सेंटिमीटरचे दहा कट यांत मीटर सारखेच असले तरी झीज सारखी नसते. ठिपक्याच्या जागी दीड मिमीच्या आसपास खड्डा पडला की इलेक्ट्रोड बदला. टिपेचं भोक उजेडाकडे धरून बघा, गोल नसून लांबट दिसलं तर तीही गेली. दोन्ही एकदमच बदललेलं बरं, कारण झिजलेला इलेक्ट्रोड नव्या टिपेला एका दिवसात बिघडवतो.

टॉर्चचं नाव विचारून घ्या. पी-८० सारख्या बाजारात सगळीकडे चालणाऱ्या टॉर्चच्या टिपा सहज मिळतात. नामांकित कंपनीच्या मशीनचं सामान महाग असतं, पण टिकतंही जास्त. दोन्ही चालेल. चालणार नाही ते असं मशीन, ज्याचं सामान फक्त एका माणसाकडे मिळतं आणि तो फोन उचलत नाही. मशीन घेण्याआधी गावातल्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या हार्डवेअरवाल्याला फोन करून विचारा: याची टिप आज आहे का, कितीला?

तिघांना सांगून ठेवा: हवेत उगाच टॉर्च पेटवून दाखवायचा नाही. आणि कट संपल्यावर जी हवा काही सेकंद येत राहते ती टॉर्च थंड करायला असते, तेवढ्यात मेन स्विच बंद करायचा नाही.

मीटरमागे किती पडतं

आता मुख्य हिशेब. खालचे आकडे मी समजायला धरलेत. तुमच्या गावचे आकडे टाकून हाच हिशेब करा.

समजा, ६० अँपिअरचं मशीन, कॉम्प्रेसर, फिल्टर, पाइप, वायरिंग मिळून १,६०,००० रुपये. १२% व्याजाने तीन वर्षांचा हप्ता सुमारे ५,३०० येतो. महिन्याला २५ दिवस काम, म्हणजे दिवसाला २१३ रुपये. हे काम असो-नसो द्यायचेच.

रोज ६ मिमीची ४० मीटर कटिंग होते असं धरू. वीज ८ युनिट, १० रुपयांनी ८०. टिप आणि इलेक्ट्रोडचा एक जोड १५०. कारागिराचे मार्किंग, कटिंग आणि स्लॅग काढणं धरून २६० रुपयांचे तास. बेरीज ४९०, म्हणजे मीटरला सव्वाबारा. हप्ता मिळवला तर एकूण ७०३, मीटरला साडेसतरा रुपये.

आता हेच मशीन, पण काम रोज ८ मीटरच. वीज, टिप, मजुरी मिळून ९८, हप्ता २१३ तसाच. ३११ भागिले ८. मीटरला जवळजवळ ३९ रुपये.

बाहेरून कटिंग करून आणायला समजा मीटरला २५ रुपये पडतात. मग घरचं मशीन परवडायला रोज किती काम हवं? २५ मधून सव्वाबारा वजा करा, उरले पावणेतेरा. २१३ ला पावणेतेराने भागा. सुमारे १७ मीटर. रोज १७ मीटरच्या खाली असाल तर, या आकड्यांप्रमाणे, अजून काही महिने बाहेरून आणणं शहाणपणाचं. अर्थात बाहेर जायला टेम्पो लागत असेल, अर्धा दिवस मोडत असेल, तर ते भाडं २५ मध्ये मिळवा, मग १७ चा आकडा झपाट्याने खाली येतो. दुर्गम तालुक्यात ८ मीटरलाही मशीन परवडू शकतं आणि चाकणमध्ये ३० मीटरलाही परवडणार नाही.

कर्ज काढत असाल तर एक सूचना. बँक पैसे देते ते प्रकल्प अहवालात आणि कोटेशनमध्ये लिहिलेल्या गोष्टींसाठी. फक्त पेटीचं कोटेशन लावलंत तर कॉम्प्रेसर, ड्रायर आणि वायरिंग खिशातून करावं लागेल आणि तिथेच खेळतं भांडवल संपेल. मुद्रा असो की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, संपूर्ण संच एकत्र लिहा. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाचं अनुदान मुख्यतः नवीन उद्योगासाठी असतं आणि ते तीन वर्षं बँकेत अडकून राहतं, हातात येत नाही. ते धरून हप्त्याचा हिशेब करू नका.

हात बसवताना

स्लॅग तुमचा शिक्षक आहे. खाली जाड, बुडबुड्यासारखा थर आला आणि हातोडीच्या टोकाने सहज पडला तर वेग कमी आहे. बारीक, कडक, ग्राइंडर लावल्याशिवाय न निघणारी रेघ आली तर वेग जास्त आहे. या दोघांच्या मधे तुमचा वेग आहे. ठिणग्या प्लेटखाली किंचित मागे कलून पडल्या पाहिजेत. वर उडायला लागल्या तर आरपार जातच नाही, थांबा.

झोत टिपेतून गोल फिरत बाहेर येते, त्यामुळे कटाची एक कड सरळ आणि दुसरी तिरकी येते. नेहमीच्या टॉर्चमध्ये, पुढे जाताना उजव्या हाताची कड सरळ. म्हणून तुकडा उजवीकडे आणि टाकाऊ भाग डावीकडे ठेवा. बाहेरचा आकार घड्याळाच्या काट्याप्रमाणे कापा, आतलं भोक उलट दिशेने. ही एवढी गोष्ट बऱ्याच कारागिरांना दहा वर्षांनीही माहीत नसते आणि ते रोज ग्राइंडिंग करत बसतात.

सरळ रेषेसाठी हाताच्या भरवशावर राहू नका. पट्टी किंवा अँगल क्लॅम्प करा आणि टॉर्चची बाजू तिला टेकवून ओढा. टिपेच्या मध्यापासून टॉर्चच्या कडेपर्यंतचं अंतर एकदा मोजून भिंतीवर लिहून ठेवा, मार्किंग तेवढं सरकवायचं असतं. लांब लांब पट्ट्यांचं काम जास्त असेल तर गॅस कटिंगवाले वापरतात ती पग मशीनची गाडी प्लाझ्मालाही जोडता येते. सीएनसी टेबलच्या आधी ही पायरी चढा.

भोकांच्या बाबतीत नियम असा: प्लेटच्या जाडीपेक्षा लहान भोक प्लाझ्माने पाडू नका, आणि बोल्ट घट्ट बसायचा असेल तर ड्रिलच करा. वेल्डिंग करायची कड असेल तर आधी हलकं ग्राइंडिंग करा. हवेतला नायट्रोजन कडेत शिरलेला असतो, तसंच वेल्डिंग केलं तर आत बारीक छिद्रं राहतात. गेटच्या पाकळीला चालेल, ट्रॉलीच्या हुकाला नाही.

सुरक्षेचं थोडक्यात, पण मनावर घ्या. टॉर्चला २०० ते ३०० व्होल्ट डीसी असतात, वेल्डिंगच्या कितीतरी पट. टिप बदलताना मशीन मेनवरून बंद. गॉगल साधा चालत नाही. ४० ते ६० अँपिअरला निदान ६ नंबरची काच, त्यापुढे ८. वेल्डिंगची ११ नंबरची काच लावली तर रेघच दिसत नाही आणि मग पोरं काच काढून उघड्या डोळ्यांनी कापतात. जीआय पत्रा आणि स्टेनलेसचा धूर विषारी असतो, शेडचं दार उघडं आणि पंखा धूर बाहेर नेणारा हवा. आणि रिकामा ड्रम, डिझेलची टाकी, थिनरचा डबा, काहीही असो, "धुतलाय" असं गिऱ्हाईक म्हणालं तरी कापायचा नाही. आत राहिलेल्या वाफेला एक ठिणगी पुरते. हे काम परत पाठवा.

दुकानात जाताना

रिकाम्या हाताने जाऊ नका. तुमच्याच वर्कशॉपमधली ६ आणि १० मिमीची गंजलेली, रंग लागलेली प्लेट बरोबर न्या. दुकानातली चकचकीत पट्टी कोणीही कापून दाखवतो. तुमच्या प्लेटवर सलग अर्धा मीटर कापायला सांगा, मधोमध भोक पाडून सुरू करायला सांगा आणि दहा मिनिटं चालवायला सांगा. किती वेळाने मशीन तापून बंद पडतं ते घड्याळात बघा. कॉम्प्रेसर कोणता लावलाय तेही बघून घ्या. दुकानात १० एचपीच्या स्क्रू कॉम्प्रेसरवर दाखवतील आणि तुम्ही घरी २ एचपी लावाल, मग फरक पडणारच. शेवटी मशीन उघडून टिप आणि इलेक्ट्रोड स्वतःच्या हाताने बदला. वॉरंटीत टॉर्च धरलाय का, दुरुस्ती जिल्ह्यात होते की मशीन पुण्या-मुंबईला पाठवावं लागतं, आणि तेवढे दिवस बदली मशीन मिळतं का, ही तीन उत्तरं बिलावर लिहून घ्या.

पुढच्या व्हिडिओत सीएनसी प्लाझ्मा टेबल बघणार आहोत. तोपर्यंत एक आठवडा रोज किती मीटर, कुठल्या जाडीचं कापलं ते वहीत लिहा आणि तुमचा मीटरमागचा आकडा किती आला ते खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट टाका.